बाईंचा पन्नास फुटी टेप

हे मी कुणी वाचावं म्हणून लिहीत नाही. तरी चुकून ही वही कुणाच्या हाती लागलीच, तर आधीच माफी मागते. माझी शाळा चौथीपर्यंत. पहिली वेलांटी कुठं द्यायची आणि दुसरी कुठं, हे मला अजून उमगत नाही. अक्षर तर असं की उतारावर सोडलेल्या शेळ्यांसारखं ओळीच्या एकाच बाजूला पळतं. पण ज्यांच्याबद्दल लिहायचं त्या बाईच मला म्हणायच्या, "चुकलं तरी लिहून ठेव. खोडलेलं वाचता येतं, न लिहिलेलं वाचता येत नाही." बाई जाऊन आता दीड वर्ष झालं. म्हणून लिहून ठेवते.

बाई म्हणजे ड्रॉइंगच्या बाई. नगरच्या एका मिशन शाळेत त्यांनी तीस-बत्तीस वर्षं चित्रकला शिकवली. लग्न केलं नव्हतं. चर्चची घंटा ऐकू येईल अशा अंतरावर त्यांच्या दोन खोल्या होत्या, आणि तिथं मी धुणंभांडी करायला आणि चार भाकरी थापायला जायची. शहराचं नाव आता पाट्यांवर बदललं आहे, आमच्या तोंडात नगरच राहिलं आहे. बाईही नगरच म्हणायच्या.

दिसायला बाई उंच आणि वाळक्या. सुती साडी, तिच्याखाली पुरुषी कॅनव्हासचे बूट, खांद्याला खाकी पिशवी. पिशवीत पाण्याची बाटली, खडू, भिंग, कागदात बांधलेली दोन उकडलेली अंडी आणि एक गोल कातडी डबी. त्या डबीत पन्नास फुटी कापडी टेप होता. टोकाला पितळी कडी आणि गुंडाळायला पितळी दांडी. बाईंना एकच छंद होता. नगरच्या आसपास जेवढ्या जुन्या इमारती आहेत, मशिदी, कबरी, महाल, बारवा, वेशी, त्या पायी फिरून बघायच्या आणि मापायच्या. फोटो त्या काढत नसत. "फोटोत दगड येतो, माप येत नाही," असं म्हणत.

टेपला दोन टोकं असतात, आणि बाई एकट्या होत्या. आधी त्या कडी एखाद्या दगडाखाली दाबायच्या नाहीतर खिळ्याला अडकवायच्या. मी कामाला लागून सहा महिने झाले असतील, तेव्हा एकदा मी भांडी पुसत होते आणि बाई मागं येऊन उभ्या राहिल्या.

"शनिवारी सकाळी मोकळी असतेस का?"

"का वो बाई?"

"टोक धरायला ये. धुण्याभांड्याचे पैसे वेगळे, टोकाचे वेगळे. चाळीस रुपये."

मी घरी सांगितलं तर आमचे मालक हसायला लागले. ते टेम्पो चालवतात, त्यांना गोणी उचलायचे पैसे माहीत. म्हणाले, "नुसतं टोक धरायचे चाळीस? म्हातारी याडी हाय का तू?"

पहिल्या शनिवारी आम्ही फराहबागेत गेलो. जुन्या काळी तिथं मोठा तलाव होता म्हणे आणि तलावाच्या मधोमध महाल. आता पाणी नाही, गवत आहे आणि महाल तेवढा उभा आहे. मी पुढून जायला लागले तर बाईंनी दंड धरला.

"इकडून नाही. आधी पाठीमागून. पुढून सगळेच नटलेले असतात."

हा त्यांचा नियम होता. कुठलीही इमारत असो, आधी मागच्या बाजूला जायचं, तिथून सावकाश एक फेरा मारायचा आणि मग दारात यायचं. मी कधी कुणाशी आपणहून बोलत नाही, पण त्या दिवशी माझ्या तोंडून निघून गेलं, "आमचे दादा पण बैल मागूनच बघायचे." माझं माहेर घोडेगावचं. जनावरांचा मोठा बाजार भरतो तिथं, आणि दादा म्हणजे माझे वडील सौद्यात असायचे. बैल विकणारा शिंगं रंगवून, गळ्यात घुंगरू बांधून पुढून दाखवतो. दादा आधी मागं जाऊन बैलाला चालायला लावायचे, पाय कसे पडतात ते बघायचे, मग पुढं येऊन दात बघायचे. हे मी सांगितलं तर बाई जागच्या जागी थांबल्या, वही काढली आणि त्यात लिहून घेतलं. माझं बोलणं कुणी लिहून घेतल्याची ती पहिली वेळ.

मग टेप काढला. कडी माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, "हे कोपऱ्याला टेकव. नीट टेकलं की मोठ्यानं 'धरलं' म्हणायचं. तू म्हटल्याशिवाय मी आकडा वाचणार नाही." आणि टेप सोडत सोडत त्या दुसऱ्या कोपऱ्याला गेल्या.

मी कडी टेकवली. पण ओरडायचं कसं? गवतात दोन-तीन माणसं शेरडं चारत बसली होती, एक पोरापोरींचा घोळका फोटो काढत होता. मी "धरलं" म्हटलं ते माझं मलाच ऐकू आलं. बाई तिकडं उभ्या. मी पुन्हा म्हटलं. बाईंनी छत्री उघडली. मग त्या एका दगडावर बसल्या, पिशवीतून अंडं काढलं, सोललं, मीठ लावून शांतपणे खाल्लं. माझे हात भरून आले, डोळ्यांत पाणी आलं, आणि त्या रागात मी ओरडले, "धरलं!" महालातले सगळे पारवे उडाले. शेरडंवाली माणसं वळून बघायला लागली.

"चोवीस फूट तीन इंच!" तिकडून बाई म्हणाल्या, जसं काही झालंच नाही.

येताना त्या एवढंच बोलल्या, "आवाज आहे की तुला. कुठं ठेवला होतास?"

बाईंच्या आणखी सवयी सांगते. भिंतीला हात लावायच्या आधी बोटाच्या पेरानं टकटक करायच्या, कुणाच्या घरी गेल्यासारखं. निघताना "येते हं" म्हणायच्या, भिंतीलाच. इमारतीच्या आत काही खायच्या नाहीत, बाहेर बसून खायच्या. डोंगरावर चांदबीबीचा महाल आहे, लांबून दिसतो. तिथं मला कळलं की चांदबीबी तिथं कधी राहिलीच नव्हती, ती एका सरदाराची कबर आहे. मी म्हटलं, "मग बाई, लोकान्ला सांगा की." तर म्हणाल्या, "राहू दे. जागा पुरुषाची आणि नाव बाईचं, असं एक तरी असू दे जगात."

त्याच महालात एकदा एक कॉलेजातला मुलगा किल्लीनं भिंतीवर नाव कोरत होता, शेजारी त्याची मैत्रीण उभी. मला वाटलं आता बाई कडाडणार. बाई जवळ गेल्या, भिंग काढून त्याचं अक्षर बघितलं.

"नाव कोरायचंय ना? मग असं वाकडं कशाला? शेकडो वर्षं राहणार आहे इथं. ये, शिकवते."

आणि त्याला खडू देऊन फरशीवर त्याच्या नावातला 'स' काढायला बसवलं. एक 'स', दुसरा 'स'. "पोट आलं नाही नीट. पुन्हा." मुलगी हसून हसून भिंतीला टेकली. विसाव्या 'स'ला तो मुलगा म्हणाला, "मॅडम, सोडा ना, चुकलो." बाई म्हणाल्या, "चुकलास ते कळलं. आता तेवढा एक चांगला काढ आणि जा." त्यानं काढला. बाईंनी खरंच त्याच्या पाठीवर थाप मारली.

पण त्यांची सगळ्यांत लाडकी इमारत लहान होती. दमडी मशीद. किल्ल्यापासून फार लांब नाही. काळ्या दगडाची, पण दगडावर असं कोरीव काम की मेणात कोरल्यासारखं वाटतं. बाई सांगायच्या, किल्ला बांधायला जे पाथरवट आणि मजूर होते, त्यांनी आपल्या मजुरीतून एकेक दमडी बाजूला काढली आणि त्यातून ही मशीद बांधली, अशी तिची गोष्ट आहे. खरी-खोटी देव जाणे. बाई ख्रिस्ती, मी हिंदू, पण तिथं गेलं की दोघीही डोक्यावर पदर घ्यायचो. बाई म्हणायच्या, "सुलतानानं बांधलेलं पुष्कळ आहे. हे ज्यांनी बांधलं, त्यांच्याच पैशाचं आहे. बोट लावून बघ, दगड वेगळा लागतो." मला तर सगळे दगड सारखेच लागायचे. पण मी हो म्हणायची.

असे दोन हिवाळे गेले. मला फूट आणि इंच कळायला लागले. पाव, अर्धा, पाऊण इंच कळायला लागला. आठवडाभर पाच घरची भांडी घासताना मी शनिवारची वाट बघायची. आता चाळीस रुपयांसाठी नाही.

आता माझ्या हातून काय झालं ते लिहिते.

मांजरसुंब्याच्या गडावर माप घेताना टेपची कडी दगडाच्या फटीत अडकली. बाईंनी तिकडून ओढलं आणि टोक टरकन फाटलं. मी म्हटलं, "द्या, घरी नीट करून आनते." टोकाच्या दशा निघाल्या होत्या आणि तिथले आकडे तर कधीच झिजून पांढरे झालेले. पहिल्या फुटात वाचण्यासारखं काही उरलंच नव्हतं. मी दशांचा भाग कात्रीनं सरळ कापून टाकला, टोक दुमडलं, मजबुतीला आतून अस्तराचा तुकडा लावला आणि दुहेरी दोऱ्यानं कडी पुन्हा शिवून टाकली. गोधडीचं टोक करतात तशी बारीक टीप घातली. पदर फाटला तर आपण कडेचं कापून दुमडतो. साडी जरा आखूड होते, पण साडी साडीच राहते. टेपचं तसं नसतं हे माझ्या ध्यानातच आलं नाही.

बाईंना तेव्हाच कमी दिसायला लागलं होतं. आकडा भिंगानं वाचायच्या. त्यांनी शिवणीवरून अंगठा फिरवला आणि म्हणाल्या, "शिलाई सुरेख आहे." मी तरंगतच घरी गेले.

त्यानंतर चौदा शनिवार त्या टेपनं आम्ही मापं घेतली. नऊ जागा झाल्या. त्यांतली एक कापूरवाडीच्या बाजूला, रस्त्याकडेच्या शेतातला मनोरा. पूर्वी डोंगराकडून शहरात जमिनीखालून मातीच्या नळांनी पाणी यायचं, खापरी नळ म्हणतात त्यांना. नळातली हवा निघून जायला मधे मधे असे मनोरे बांधलेले. दगड-चुन्याचा, दोन माणसं उंच. शेतकरी त्यात कडबा ठेवायचा. त्याची बायको म्हणाली, "लगीन होऊन आल्यापासून बघतीय, ह्याला कुनी इचारलं न्हाई. तुमी पयल्याच." बाई त्या मनोऱ्यावर भाळल्या. "महालाला सगळे बघतात. श्वास घ्यायच्या जागेला कोण बघतं?" म्हणाल्या आणि त्याचं शाईनं मोठं चित्र काढायला घेतलं, एकेक माप लिहून.

होळीच्या आसपास बाईंनी स्वयंपाकघराला डासांच्या जाळीचं दार करायला दिलं. चौकटीचं माप मीच टेपनं घेऊन सुताराला सांगितलं होतं. सुतार दार घेऊन आला तेव्हा बाई डोळे दाखवायला गेल्या होत्या. त्यानं दार चौकटीला लावलं, मागं घेतलं, पुन्हा लावलं.

"वहिनी, चौकट आकसली का काय तुमची?"

"का?"

"दार मोठं झालं. कुन्या टेपनं मापलं?"

मी डबी दिली. त्यानं आपला लोखंडी टेप शेजारी धरला आणि शीळ घातली. "ह्यो टेप पुढून खाल्लेला हाय. चार इंच, सूतभर कमी. ज्यानं शिवलं त्यानं कापून शिवलं." मग माझ्या तोंडाकडं बघून आवाज खाली आणला. "तुमी शिवला व्हय? जाऊ द्या. दार मी कापून बसवून देतो, बाईंना न्हाई कळायचं."

दार कापून बसलं. बाईंना कळलं नाही. पण मला कळलं होतं. माझ्या डोळ्यांसमोर ती वही यायला लागली. नऊ जागा आणि प्रत्येक मापात माझे चार इंच. लांब भिंत असली की टेप दोनदा-तीनदा टाकायचा, तिथं आठ, तिथं बारा. बाई रोज संध्याकाळी ती वही घेऊन बसायच्या. त्यांच्यामागं दुसरं काही राहणार नव्हतं. मूल नाही, शेत नाही. ती वहीच.

मी सांगितलं नाही. रोज भाकरी थापताना ठरवायची, आज सांगू. वाक्य ओठापर्यंत यायचं आणि मी पीठ मळायला लागायची. काम जाईल ही भीती नव्हती, घरं पुष्कळ मिळतात. शनिवार जाईल याची भीती होती. असे चार शनिवार मी टोक धरलं. पण "धरलं" म्हणताना आवाज निघायचा नाही. बाई विचारायच्या, "घसा बसला का गं?"

मग एक दिवस शेतकऱ्याचा निरोप आला. रस्ता रुंद होणार, मनोरा मधे येतो, सोमवारी मशीन येणार. बाईंनी धावपळ केली, दोन ठिकाणी अर्ज दिले, एका साहेबापुढं बसून आल्या. काही झालं नाही. शुक्रवारी मी गेले तर त्या टेबलाशी बसल्या होत्या, पुढं शाईचं चित्र. रडतील असं वाटलं होतं, पण शांत होत्या.

"जाऊ दे," म्हणाल्या. "आपल्याकडं माप आहे ना सगळं. तो इथं उभा आहे." आणि चित्रावर हात ठेवला.

त्या रात्री मी जेवले नाही. सोमवारनंतर तो मनोरा खरा कसा होता हे कुणालाच कळणार नव्हतं. राहिला असता तो माझा खोटा मनोरा.

शनिवारी आम्ही शेवटचं बघायला गेलो. मनोऱ्यापासून बांधापर्यंतचं माप राहिलं होतं, तेवढं घ्यायचं होतं. बाई मागून फेरा मारून आल्या, टकटक केली. मी कडी मनोऱ्याला टेकवली, बाई टेप सोडत बांधाकडं गेल्या. मधे पंधरा-वीस फूट. त्या भिंग डोळ्याला लावून वाट बघत उभ्या राहिल्या. त्यांना माझं तोंड दिसत नव्हतं, एवढं मला माहीत होतं. स्वयंपाकघरात बाई हाताच्या अंतरावर असताना जे जमलं नाही ते तिथं जमलं. मी जोरात ओरडले, "बाई, टेप खोटा हाय!"

बाईंनी भिंग खाली घेतलं.

"मीच कापला! शिवताना! चार इंच कमी हाय! सगळी मापं खोटी हायत!"

शेतकऱ्याची बायको धुणं टाकून बघायला लागली. बाई टेपची दांडी फिरवायला लागल्या. टेप गुंडाळत गुंडाळत, एकेक पाऊल, माझ्यापर्यंत आल्या. कडी माझ्या हातातून घेतली, भिंगाखाली धरली, शिवण उलटी करून आत अंगठा घातला.

"कधी कळलं तुला?"

"होळीला. सुतारानं सांगितलं."

"म्हणजे चार शनिवार तू मला खोटा आकडा वाचू दिलास."

"व्हय."

"कापलास ते अज्ञान. त्याचं काही नाही, मीही बघितलं नाही. पण हे चार शनिवार..." बाई रागावून ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या मनोऱ्याला पाठ लावून बसल्या. मी उभीच. शेतकऱ्याच्या बायकोनं दोन कप चहा आणून ठेवला आणि काही न विचारता गेली.

बाईंनी चहा संपवला. टेप हातभर ओढून काढला आणि भिंगानं काहीतरी शोधलं.

"हा दोनचा लाल आकडा दिसतो का तुला?"

"दिसतो."

"इथून पुढं कडी धरायची नाही. हा धरायचा, आणि येईल त्यातून दोन फूट वजा. आजपासून आपलं शून्य इथं. ऊठ, अंधार पडायच्या आत सगळा मापायचाय."

आम्ही तो मनोरा पायापासून पुन्हा मापला. वरची मापं घ्यायला शेतकऱ्यानं शिडी दिली आणि मी, जन्मात शिडी न चढलेली, वर चढून लाल आकडा धरून "धरलं!" म्हणून ओरडत होते. दिवस मावळताना शेवटचं माप झालं. बाईंनी भिंतीवर हात ठेवून "येते हं" म्हटलं, मग एकदम थांबल्या. "नाही," भिंतीलाच म्हणाल्या, "आता तूच ये."

सोमवारी दुपारी शेतकऱ्याचा फोन आला, "मॅडम, ग्येला." बाई नवं चित्र काढत होत्या. जुनं त्यांनी फाडलं नव्हतं. त्यावर एक तिरपी रेघ मारून ठेवलं होतं, आतलं सगळं वाचता येईल अशी.

त्या महिन्याच्या पगारातून मी पैसे बाजूला काढले आणि त्यांच्यापुढं ठेवले. चुकीच्या मापांसाठी मी टोकाचे पैसे घेतले होते. ते मला पचत नव्हते. दुसऱ्या घरी असं काही परत करायला गेलं की बायका म्हणतात, "असू दे गं, राहू दे तुला." त्या "राहू दे"नं मला नेहमी लहान झाल्यासारखं वाटतं. बाईंनी नोटा मोजल्या.

"चाळीस. किती शनिवार होते?"

"चौदा."

"चौदा चोक?"

"छप्पन."

"म्हणजे पाचशे साठ. हे चाळीस पोचले. राहिले पाचशे वीस." आणि वहीच्या शेवटच्या पानावर लिहिलं.

मग चष्मा पुसत म्हणाल्या, "त्या दमडी मशिदीला मजुरांनी पैसे आणून दिले, तेव्हा कुणी 'राहू द्या, तुम्ही गरीब' म्हटलं असतं तर? झाली असती का ती भिंत? देणाऱ्यानं दिलं तर घ्यावं."

मग उरलेल्या आठ जागा आम्ही पुन्हा मापल्या, दोनच्या आकड्यावर टोक धरून. बाई नव्या मापाचे चाळीस रुपये द्यायच्याच, "नवं काम, नवे पैसे" म्हणून. आणि मी मागचे चाळीस परत करायची. बऱ्याचदा विसाच्या त्याच दोन नोटा त्यांच्या पिशवीतून माझ्या हातात यायच्या आणि तिथंच रस्त्याकडेला परत त्यांच्या पिशवीत जायच्या. आमचे मालक म्हणाले, "तुमच्या दोघींच्या धंद्यात नोटाच झिजतील." पण बाई दर वेळी वहीत लिहायच्या. पावसाळा आला, मधे त्या आजारी पडल्या, दोन-दोन महिने जाणं व्हायचं नाही. आणि डोळे जातच होते. तो आजार ऑपरेशननं बरा होण्यातला नव्हता.

तेरा हप्ते झाले. शेवटची जागा बाईंनी मुद्दाम मागं ठेवली होती, दमडी मशीद. ती मापायची वेळ आली तेव्हा त्यांना उजेड आणि अंधार एवढंच कळत होतं. मालकांनी टेम्पोतून सोडलं. मी हात धरून आधी मागच्या बाजूला नेलं, फेरा मारला. एक म्हातारे चाचा अंगण झाडत होते, त्यांनी बाईंना खुर्ची आणून दिली. बाई बसल्या नाहीत. पिशवीतून टेप काढला आणि मला म्हणाल्या, "आता मला आकडा दिसायचा नाही. डबी तू घे."

"आन टोक?"

"टोक मी धरते."

मी त्यांचा अंगठा धरून दोनच्या लाल आकड्यावर ठेवला. मधे कडीजवळची माझी शिवण त्यांच्या बोटांना लागली. त्या जरा हसल्या. त्यांना मागच्या भिंतीच्या कोपऱ्याला उभं केलं, आणि टेप सोडत मी दुसऱ्या कोपऱ्याला गेले. पदर डोक्यावर, डबी हातात. मी थांबले. नियम नियम असतो, टोकवाल्यानं सांगितल्याशिवाय आकडा वाचायचा नाही.

"धरलं!" बाई ओरडल्या. त्या वयातही काय आवाज होता.

मी आकडा वाचला, दोन वजा केले, मोठ्यानं सांगितला आणि वहीत लिहिला. माझ्या शेळ्यांसारख्या अक्षरात, बाईंच्या सरळ अक्षराखाली. तशी सगळी मापं झाली.

मग आम्ही बाहेर दगडावर बसलो. मी अंडं सोलून त्यांच्या हातावर ठेवलं. चाळीस रुपये काढून त्यांच्या दुसऱ्या हातात दिले. "हे मागचे, बाई. चौदावे."

त्यांनी नोटा बोटांनी चाचपल्या आणि पदराला पुसल्यासारखं करून पिशवीत टाकल्या. पण हात तसाच पुढं राहिला.

"आणि आजचे?"

"आजचे कसले, बाई?"

"आज टोक कुणी धरलं?"

मी आणखी चाळीस रुपये काढून त्यांच्या हातात ठेवले. ते मात्र त्यांनी पिशवीत टाकले नाहीत, घडी करून मुठीत धरले, घरी पोचेपर्यंत. म्हणाल्या, "माझ्या कष्टाचे आहेत." मग वही माझ्या मांडीवर ठेवली आणि शेवटचं पान काढायला सांगितलं. तेरा ओळी त्यांच्या होत्या. चौदावी त्यांनी मला लिहायला लावली, आणि त्याखाली सांगतील ते. मी लिहिलं: पाचशे साठ पोचले. पूर्ण फिटले.